अडकलेली स्प्रिंग : कोणती घरी सोडवावी आणि कोणतीला हात लावू नये



कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये फिटर म्हणून माझी उभी हयात गेली. निवृत्त झालो तरी गावातली माणसे बिघडलेली वस्तू घेऊन ओट्यावर येतात, आणि हात रिकामे ठेवायची मलाही सवय नाही. गेल्या हिवाळ्यात एकाच आठवड्यात तीन सभासद तीन वस्तूंची गाऱ्हाणी घेऊन आले. पहिल्याचा पाठीवरचा फवारणी पंप होता. दुसऱ्याचे विहिरीवरचे डिझेल इंजिन होते. ते काही ओट्यावर येण्यासारखे नव्हते, म्हणून मीच बांधावर गेलो. तिसरा दिवेलागणीला आला, इकडेतिकडे पाहिले आणि पंचात गुंडाळलेली वस्तू पुढे ठेवून म्हणाला, "तात्या, परवान्याची हाय. चाप गच्च बसलाय. आतली स्प्रिंग अडकलीय म्हणत्यात. तेवढी मोकळी करून द्या."

तिन्ही ठिकाणी दुखणे एकच होते, अडकलेली स्प्रिंग. पण औषध तीन तऱ्हेचे. पंपाची स्प्रिंग मी मालकाकडूनच सोडवून घेतली. इंजिनाचे निम्मे काम आम्ही केले आणि निम्मे मेकॅनिकवर सोडले. तिसऱ्या वस्तूला मात्र मी हात लावला नाही. असे का केले ते या पाठात सांगणार आहे. घरच्या दुरुस्तीने पैसा वाचतो, वेळ वाचतो, यात शंका नाही. पण कुठे थांबायचे हे ज्याला कळते तोच खरा कारागीर.

स्प्रिंग अडकते म्हणजे काय होते?

स्प्रिंग म्हणजे पोलादी तारेची गुंडाळी. दाबली की ती जोर साठवते आणि सोडली की परत देते. रॉबर्ट हुक या इंग्रज शास्त्रज्ञाने १६७८ साली यामागचा नियम छापून प्रसिद्ध केला. नियम सोपा आहे : जितके दाबाल तितका उलट जोर. एखादी स्प्रिंग एक सेंटिमीटर दाबायला दोन किलोचा जोर लागत असेल, तर दोन सेंटिमीटर दाबायला चार किलोचा लागेल. मात्र तिच्यात साठलेली शक्ती दुप्पट होत नाही, चौपट होते. म्हणून अर्धवट दाबलेली स्प्रिंग निसटली तर बोटाला चिमटा बसतो, आणि पुरती दाबलेली निसटली तर डोळा जातो.

आता ही स्प्रिंग दाबलेल्या स्थितीत अडकली असे समजा. वरून पाहणाऱ्याला वाटते, ही मेली, हिच्यात आता दम नाही. तिथेच चूक होते. पाटाचे दार बंद असले म्हणजे पाणी संपले असे होत नाही. ते दारामागे तुंबून उभे असते. अडकलेल्या स्प्रिंगचेही तसेच आहे. तिचा जोर आत कोंडलेला असतो. ज्या क्षणी गंज सुटेल त्या क्षणी तो सगळा जोर एकदम बाहेर येणार. त्या वेळी समोर आपले तोंड आहे की मातीचा ढीग, एवढाच प्रश्न.

माझ्या डाव्या भुवईवर एक वण आहे. उमेदवारीच्या काळात पंपाच्या व्हॉल्व्हची स्प्रिंग मी स्क्रू-ड्रायव्हरने उचकटली होती. तोंड जवळ नेऊन, नीट दिसावे म्हणून. अर्ध्या इंचाने डोळा वाचला. तेव्हापासून हा धडा मी पाठ केला आहे.

अडकण्याची चार कारणे

पहिले कारण गंज. लोखंड गंजले की त्याला आधीपेक्षा जास्त जागा लागते. अरुंद भोकात बसलेली स्प्रिंग गंजली की ती फुगून भिंतीला घट्ट चिकटते.

दुसरे कारण सुकलेला चिकटा. फवारणीचे औषध, पाण्यातला क्षार, जुने ग्रीस, इंजिनातली काजळी, हे सगळे वाळून वेढ्यांच्या मधल्या फटी भरून टाकतात. वेढे एकमेकांकडे सरकले नाहीत तर स्प्रिंग दबणार कशी?

तिसरे कारण चुकीचे तेल. आपल्याकडे हाताला लागेल ते तेल घालायची पद्धत आहे. गोडेतेल काही महिन्यांत चिकट होऊन त्याचा राळेसारखा थर बसतो. खोबरेल तेल साधारण चोवीस अंशांच्या खाली गोठते. थंडीत बाटलीतले तेल उन्हात ठेवावे लागते हे घरातल्या बायकांना ठाऊक असते, पण तेच तेल यंत्रात घालताना पुरुषमाणसाला आठवत नाही. नुसते रॉकेलही तेल म्हणून चालत नाही. ते चिकटा सोडवते, पण उडून जाते आणि मागे कोरडे लोखंड ठेवते. ते पुन्हा गंजते.

चौथे कारण वाकडी बसवणी. मागच्या वेळी कोणीतरी उघडून परत बसवताना स्प्रिंग तिच्या खोबणीत सरळ बसली नाही, किंवा तिच्या जागी सायकलची तार वळून घातली. अशी स्प्रिंग एका बाजूला कलते आणि भिंतीत रुतते.

सोडवण्याचे साधे नियम

कोणतीही स्प्रिंग सोडवताना पहिले औषध म्हणजे वेळ. रॉकेल किंवा डिझेलमध्ये थोडे इंजिन ऑइल मिसळून त्याचे चार थेंब सोडावेत आणि रात्रभर वाट पाहावी. तेल गंजाच्या फटीतून हळूहळू आत झिरपते. सकाळी पुन्हा चार थेंब. हातोडीने जे एका तासात मोडते ते तेलाने एका रात्रीत सुटते.

दुसरा नियम : ओढू नये, पीळ द्यावा. हे बहुतेकांना माहीत नसते, म्हणून नीट सांगतो. दोरीला पीळ चढवला की ती बारीक आणि कडक होते, पीळ उतरवला की जाड आणि ढिली होते. स्प्रिंगही तशीच. तिच्या तारेचे मोकळे टोक ज्या दिशेला पाहते त्याच दिशेला ते हलके ओढले, तर वेढे आवळतात आणि स्प्रिंग बारीक होते. त्याच टोकाला मागे ढकलले, तर वेढे फुगतात. म्हणजे स्प्रिंग भोकाच्या आत अडकली असेल तर पीळ चढवावा; ती भिंतीपासून सुटते. स्प्रिंग दांडीवर अडकली असेल तर पीळ उतरवावा. ती दांडीपासून सुटते. नुसती सरळ ओढली तर वेढे लांबतात, ताण कायमचा बसतो आणि स्प्रिंग फुकट जाते.

तिसरा नियम : काम परातीत करावे, खाली पांढरे फडके पसरावे. झाकण उघडताना वरून जाड फडके धरावे, म्हणजे स्प्रिंग उडाली तरी फडक्यात राहते. डोळ्यांवर चष्मा हवा. वेल्डिंगवाल्याचा साधा पांढरा चष्माही चालतो. तोंड कधीही स्प्रिंगच्या रेषेत आणू नये, बाजूने पाहावे. प्रत्येक भाग काढताना मोबाइलवर फोटो काढावा आणि भाग काढले त्या क्रमाने ओळीत मांडावेत. बसवताना तीच ओळ उलटी वाचायची.

फवारणी पंपाचा खटका : ही घरी सोडवावी

पाठीवरच्या पंपाच्या मुठीत जो खटका असतो, त्याच्या आत एक बारीक दांडी, दांडीच्या टोकाला रबरी रिंग आणि मागे स्प्रिंग असते. खटका दाबला की दांडी मागे सरकते आणि औषधाला वाट मिळते. सोडला की स्प्रिंग दांडीला पुढे ढकलून वाट बंद करते. ही स्प्रिंग अडकली की एक तर खटका दाबला जात नाही, नाही तर दाबलेला परत येत नाही.

दुसरी गोष्ट जास्त वाईट. खटका परत येत नाही म्हटल्यावर माणूस तो तारेने बांधून टाकतो आणि फवारत राहतो. सरी संपली, वळण आले तरी धार चालूच. वळणावरच्या उसाला दुप्पट औषध बसते, मुठीतून गळणारे पाणी मनगटावरून कोपरापर्यंत येते आणि विजार भिजते. फवारणीचे विष फक्त नाका-तोंडातून जाते असा समज आहे. ते ओल्या कातडीतूनही जाते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावरच्या फवारणीत विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे आपण विसरू नये. गळका पंप ही लहान बाब नाही. आणि तो पंप बहुतेक वेळा मालकाच्या नव्हे, मजुराच्या पाठीवर असतो.

दुरुस्ती पुढीलप्रमाणे करावी.

१. हातात रबरी मोजे घालावेत. टाकीतले उरलेले औषध विहिरीत, पाटात किंवा गोठ्याजवळ ओतू नये. टाकी तीन वेळा धुऊन ते पाणी फवारलेल्या शेतातच पसरून टाकावे.

२. पंपातला दाब काढावा. खटका चालत असेल तर नोझल जमिनीकडे धरून धार थांबेपर्यंत दाबून ठेवावा. खटका बंद अवस्थेत अडकला असेल तर नळीच्या जोडावर फडके गुंडाळून नट हळूहळू सैल करावा. तोंड दुसरीकडे ठेवावे.

३. मुठीचे झाकण किंवा नट फडक्याखाली धरून उघडावा. दांडी, रबरी रिंग आणि स्प्रिंग क्रमाने काढून ठेवावी. स्प्रिंग निघत नसेल तर वर सांगितला तसा पीळ द्यावा.

४. रबरी रिंग आधी बाजूला काढावी. रॉकेल, डिझेल आणि ग्रीस यांनी बरेच रबर फुगते, आणि फुगलेली रिंग पुन्हा भोकात बसत नाही. "काल साफ केला आणि आज आणखीच घट्ट झाला" अशी तक्रार येते तिचे मूळ इथे असते. रबर साबणाच्या कोमट पाण्यानेच धुवावे.

५. धातूचे भाग साबणाच्या कोमट पाण्यात अर्धा तास भिजत घालावेत आणि जुन्या टूथब्रशने घासावेत. पांढरा क्षार बसला असेल तर लिंबाच्या रसात किंवा व्हिनेगरमध्ये पंधरा-वीस मिनिटे ठेवून लगेच स्वच्छ पाण्याने धुवावेत. भांडे स्वयंपाकघरातले घेऊ नये, आणि हा ब्रश नंतर मोडून टाकावा.

६. स्प्रिंग सपाट फरशीवर उभी करावी. ती एका बाजूला कलत असेल, तिला गंजाचे खड्डे पडले असतील, किंवा नव्या स्प्रिंगशेजारी ठेवल्यावर आखूड दिसत असेल, तर ती बदलावी. आखूड झालेली स्प्रिंग ओढून लांब करू नये. दोन दिवस चालते आणि पुन्हा बसते. बदलताना त्याच मापाची, न गंजणाऱ्या पोलादाची घ्यावी.

७. जोडून झाल्यावर टाकीत साधे पाणी भरून पाहावे. खटका दहा वेळा दाबून सोडावा. प्रत्येक वेळी धार तुटली पाहिजे आणि मुठीत थेंबही दिसता कामा नये. मगच औषध भरावे.

याला जोडूनच एक सूचना. आपण उसात रुंद पानांच्या तणासाठी २,४-डी वापरतो. ऊस गवताच्या कुळातला, म्हणून त्याला ते सहसा सोसते. पण द्राक्षे, कापूस, टोमॅटो, भेंडी आणि कडधान्ये यांना त्याचा अंशही सोसत नाही. खटक्याच्या वेढ्यांत वाळून बसलेले तणनाशक पुढच्या फवारणीत सुटते आणि भाजीची पाने आखडतात. मग दोष कीटकनाशकाला दिला जातो. तणनाशकाचा पंप वेगळा ठेवणे हे सर्वांत चांगले. ते जमत नसेल तर धुण्याच्या सोड्याचे पाणी टाकीत, नळीत आणि मुठीत रात्रभर ठेवून सकाळी भरपूर पाण्याने धुवावे. आणि नोझल तुंबले म्हणून ते तोंडाने फुंकू नये. हे कितीदा सांगितले तरी फुंकणारे फुंकतातच, म्हणून पुन्हा सांगतो.

त्या सभासदाने माझ्या ओट्यावर बसून हे सगळे स्वतः केले. एक रात्र भिजवण्यात गेली, खरे काम तासाभराचे. स्प्रिंग शाबूत होती, फक्त क्षाराने जखडली होती. खर्च एका रबरी रिंगचा.

इंजिनाची स्प्रिंग : निम्मी घरी, निम्मी मेकॅनिककडे

आता बहुतेक विहिरींवर विजेच्या मोटारी आहेत, तरी भारनियमनाच्या भीतीने काही जणांनी जुने डिझेल इंजिन ठेवले आहे. महिनोन्‌महिने बंद राहिलेल्या इंजिनाचे ठरलेले दुखणे म्हणजे व्हॉल्व्ह चिकटणे. व्हॉल्व्हची दांडी काजळीने आणि गंजाने तिच्या नळीत अडकते, वरची स्प्रिंग दाबलेलीच राहते आणि व्हॉल्व्ह उघडा पडतो. हँडल मारताना दाब लागत नाही, चाक भिरभिर फिरते आणि हवेच्या फिल्टरमधून किंवा सायलेन्सरमधून फुसफुस ऐकू येते. हीच खूण.

यात घरी करण्यासारखे एवढेच. इंजिन पूर्ण थंड असावे आणि डिझेलचा कॉक बंद असावा. वरचे झाकण काढून कोणता व्हॉल्व्ह खाली राहिला आहे ते पाहावे. चाक हाताने सावकाश फिरवून पिस्टन खाली न्यावा, म्हणजे व्हॉल्व्ह त्याच्यावर आपटणार नाही. मग दांडीच्या मुळाशी डिझेल-ऑइलचे थेंब सोडून तासभर थांबावे. नंतर लाकडाच्या तुकड्याने दांडीच्या डोक्यावर हलके ठोके द्यावेत. दांडी थोडी खाली जाऊन स्प्रिंगने वर आली की पुन्हा तेल आणि पुन्हा ठोका. हळूहळू ती मोकळी होते. आम्हीही तसेच केले आणि सेवनाचा व्हॉल्व्ह सुटला.

धुराचा व्हॉल्व्ह मात्र सुटेना. मालक म्हणाला, "तात्या, स्प्रिंगच काढून टाकू की." मी नको म्हटले. ती स्प्रिंग दोन लहान कुलपांनी दाबून धरलेली असते. स्क्रू-ड्रायव्हरने ती दाबून कुलपे काढायला गेले तर कुलूप गोळीसारखे उडते, आणि हेड जागेवर असेल तर व्हॉल्व्ह सिलिंडरमध्ये पडू शकतो. त्यासाठी हेड उतरवावे लागते आणि स्प्रिंग दाबायचे खास साधन लागते. ते मेकॅनिकचे काम.

याच इंजिनात दुसरी एक स्प्रिंग आहे, तिला कधीच हात लावू नये. ती म्हणजे डिझेल फवारणाऱ्या नोझलमधली स्प्रिंग. ती चौरस सेंटिमीटरला शंभर किलोहून अधिक दाबावर लावलेली असते. तिचा स्क्रू अंदाजाने फिरवणे, किंवा नोझल बाहेर काढून धार येते का हे हाताने पाहणे, फार धोक्याचे. त्या दाबाची बारीक धार कातडी भेदून डिझेल आत घालते. वरून टाचणी टोचल्याएवढी खूण दिसते, फारसे दुखतही नाही, म्हणून माणूस दुर्लक्ष करतो. पण आतून हात सडू शकतो. असे झाले तर तासाचीही वाट न पाहता मोठ्या दवाखान्यात जावे आणि दाबाने डिझेल आत गेले आहे असे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे.

रिव्हॉल्व्हर : हिला हात लावू नये

आता तिसऱ्या वस्तूकडे येऊ. आपल्या सभासदांत परवानाधारक थोडे नाहीत. कोणाकडे रानडुकरांसाठी बारा बोअरची बंदूक आहे, कोणाकडे कानपूरला बनलेली ०.३२ बोअरची रिव्हॉल्व्हर. वर्षानुवर्षे ती कपाटात असते. निवडणूक आली की ठाण्यात जमा होते आणि परत आली की पुन्हा कपाटात. वापर नाही, निगा नाही. मग एक दिवस चाप दबत नाही, किंवा घोडा अर्ध्यातच थांबतो.

त्या संध्याकाळी मी त्याला पहिला प्रश्न विचारला, "भरलेली आहे का?"

"छ्या! रिकामी हाय. दोन साल झाली, हात लावला न्हाई."

"तुम्ही कधी पाहिलंत उघडून?"

तो गप्प बसला. ओसरीवर माझी नातवंडे अभ्यास करीत होती. मी त्यांना आत पाठवले आणि त्याला अंगणात नेले. नळी मातीच्या ढिगाकडे धरायला लावली, बोट चापापासून लांब ठेवायला सांगितले आणि म्हटले, आता उघडा. त्याने कडी दाबून ती मधून मोडली. सहा घरांच्या चक्रीत पाच घरे रिकामी होती. सहाव्यात काडतूस होते.

तो खालीच बसला. कधी भरली, कोणी भरली, काही आठवेना. हीच वस्तू त्याने येताना बसमध्ये मांडीवर ठेवली होती.

रिव्हॉल्व्हरमध्ये लहानमोठ्या अनेक स्प्रिंगा असतात. मुख्य स्प्रिंग घोड्याला जोर देते. एक चाप परत आणते, एक चक्रीला जागेवर थांबवते, एक तिला पुढच्या घरावर फिरवणाऱ्या पंजाला रेटते. त्या एकमेकींवर अवलंबून असतात. घोडा अर्ध्यात अडकला आहे याचा अर्थ मुख्य स्प्रिंग ताणात उभी आहे. तेल टाकून, हलवून, ठोकून ती सुटली तर घोडा पडणार. खाली काडतूस असेल तर गोळी सुटणार. पंपाची स्प्रिंग चुकली तर पाणी गळते. इथे चूक झाली तर माणूस जातो, आणि तो बहुतेक आपल्याच घरातला असतो.

समजा, धोका नाही झाला आणि ती मोकळी झाली. तरीही काम संपत नाही. घरी बसवलेली स्प्रिंग थोडी नरम असेल तर काडतूस पेटत नाही. चक्री थांबवणारी स्प्रिंग नीट नसेल तर घर नळीच्या रेषेत येत नाही आणि गोळी कडेला घासून तुकडे उडतात. दिसायला सगळे ठीक, पण खरी परीक्षा पहिल्या बाराला. ती परीक्षा घरी घेता येत नाही.

आणि कायद्याची बाब वेगळीच. पुष्कळांचा असा समज आहे की, परवाना आहे म्हणजे त्या वस्तूचे काहीही करायला मी मोकळा. तसे नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यात बाळगण्याचा परवाना कलम ३ खाली येतो. बंदूक तयार करणे, विकणे, तिच्यात फेरबदल करणे आणि तिची दुरुस्ती करणे यांसाठी कलम ५ खाली वेगळा परवाना लागतो. म्हणजे तुमचा परवाना बाळगण्याचा आहे, दुरुस्तीचा नाही. माझ्यासारख्या फिटरकडे तर कोणताच नाही. कितीही हातखंडा असला तरी ती वस्तू उघडली की आम्ही दोघेही गुन्हेगार. २०१९ साली हा कायदा आणखी कडक झाला. ही शिक्षा दंड भरून सुटण्यासारखी नाही, वर्षांत मोजण्यासारखी आहे.

मग मालकाने करायचे काय? नळी मोकळ्या मातीकडे ठेवून, बोट चापापासून दूर ठेवून वस्तू उघडावी आणि प्रत्येक घर डोळ्यांनी पाहावे. काडतुसे वेगळ्या जागी कुलपात ठेवावीत. उघडतच नसेल तर जोर करू नये. ती भरलेली आहे असेच धरून चालावे आणि पोलिस ठाण्याला कळवून पुढे काय करायचे ते विचारावे. दुरुस्ती परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडेच, आपला परवाना बरोबर नेऊन करावी आणि पावती घ्यावी. वस्तू शेजाऱ्याच्या हाती पाठवू नये. घरच्या माणसाला काय करता येते? नळी साफ करणे, बाहेरून पुसणे आणि बंदुकीसाठीच मिळणाऱ्या तेलाचा पातळ हात फिरवणे. एवढेच. गंज सोडवणारे पातळ तेल भरलेल्या चक्रीत फवारू नये. ते काडतुसात झिरपले तर दारू निकामी होते. बार काढताना टिच आवाज आला आणि गोळी सुटली नाही तर लगेच उघडू नये. नळी सुरक्षित दिशेला धरून अर्धा मिनिट तरी थांबावे. बार कधी कधी उशिरा उडतो.

त्या सभासदाने दुसऱ्या दिवशी परवाना घेऊन जिल्ह्याचे गाव गाठले. आठ दिवसांनी परत आला तेव्हा हसत होता. म्हणाला, "तात्या, स्प्रिंगला काय बी झालं नव्हतं. म्हातारा दर दसऱ्याला पूजा करून खोबरेल चोळायचा. थंडीत त्याचं मेण झालं आन्‌ धुळीसंगं आत बसलं." विक्रेत्याने आतून साफ करून योग्य तेल दिले. काम लहान होते. पण माझ्या ओट्यावर, कंदिलाच्या उजेडात, त्या सहाव्या घरासकट केले असते, तर काय झाले असते हे सांगायला नको.

लक्षात ठेवण्यासारखे

अडकलेली स्प्रिंग मेलेली नसते, तिचा जोर आत कोंडलेला असतो.

आधी तेल आणि वेळ, मग पीळ. ओढणे आणि ठोकणे शेवटी, आणि तेही जपून.

भोकात अडकली तर पीळ चढवावा, दांडीवर अडकली तर उतरवावा.

रबराला रॉकेल आणि डिझेल लावू नये. यंत्राला गोडेतेल आणि खोबरेल घालू नये.

पंपाचा खटका घरी सोडवावा. इंजिनाचा व्हॉल्व्ह तेलाने सुटला तर ठीक, नाही तर मेकॅनिक बोलवावा. नोझलच्या स्प्रिंगला हात लावू नये.

बंदूक किंवा रिव्हॉल्व्हर घरी उघडून दुरुस्त करू नये. आधी रिकामी करावी, मग परवानाधारकाकडे न्यावी.

एक शेवटची विनंती. ज्यांच्या घरी परवान्याची वस्तू आहे त्यांनी हा अंक वाचून झाल्यावर उठावे, पोरांना बाहेर पाठवावे, नळी मातीकडे धरावी आणि सगळी घरे एकदा डोळ्यांनी पाहावीत. आपल्याला पक्के ठाऊक असले तरी पाहावीत. त्या माणसालाही पक्के ठाऊकच होते.